तेल कमी पडेल तेव्हासाठी वस्तीची तयारी: सुरुवात कुठून करायची?

रिकामी_टाकी:
परवा आमच्या वस्तीतल्या ९ जणांना गोळा करून ४० मिनिटं बोललो. तेल उत्पादन एकदा कळस गाठून मग घटत जाईल हा हबर्ट या भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलेला अंदाज, अमेरिकेच्या तेल उत्पादनाने १९७० मध्ये गाठलेला कळस, १९७३ ची तेलटंचाई, सगळे आलेख दाखवले. शेवटी प्रश्न एकच आला, "बरं, मग आम्ही काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक जण म्हणाला, पेट्रोलची पिंपं भरून ठेवू. कुणी असं काम प्रत्यक्ष केलंय का?

जुनी_सायकल:
पिंपं अजिबात नकोत. पेट्रोल काही महिन्यांत खराब होतं आणि घरात साठवणं म्हणजे आगीशी खेळ.

आलेखही ठेवून द्या. पहिली दोन वर्षं मी तेच केलं आणि दर बैठकीला माणसं घटत गेली. शेवटच्या बैठकीला उरलो तिघं: मी, माझी बहीण आणि हॉलला कुलूप लावायला थांबलेला रखवालदार.

मग एक वही घेतली आणि घरोघरी एवढंच विचारत फिरले: डिझेल आठवडाभर मिळालं नाही तर तुमच्याकडे काय काय अडेल? आधी सगळे गाडीचंच सांगतात. थोडा वेळ बसलं की आठवायला लागतं. औषधं ट्रकने येतात, कचरा ट्रकने जातो, वीज गेली की पाण्याचा पंप जनरेटरवर. खत मात्र कुणालाच सुचलं नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया बहुतेक करून नैसर्गिक वायूपासून बनतो, हे सांगितल्यावर एक आजोबा वही माझ्या हातातून घेऊन स्वतःच लिहायला लागले.

आठवडा का? सप्टेंबर २००० मध्ये ब्रिटनमध्ये इंधनाच्या दरावरून शेतकरी आणि ट्रकवाल्यांनी तेलशुद्धीकरण कारखाने अडवले. कारखान्यांत तेल होतं, तरी काही दिवसांत हजारो पेट्रोल पंप कोरडे पडले. मधली साखळी तुटली की पुरे, तेलाच्या विहिरी आटायची गरज नाही.

आणि एक हिशोब. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. इंजिनातून कामाला त्यातला तिसरा हिस्साच येतो असं धरलं तरी ३ युनिट. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर अर्धा-पाऊण युनिट काम करतो. म्हणजे एक लिटर म्हणजे एका माणसाची पाचेक दिवसांची मेहनत! म्हणून "सगळं हातानंच करू" असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. तेल कशासाठी राखून ठेवायचं, हे आधी ठरवा. आमच्या यादीत पहिलं पाणी, दुसरी आजाऱ्यांची ने-आण. तिसऱ्यावर अजून भांडण चालू आहे.

शंकासुर:
हबर्टची गोष्ट अर्धीच सांगितलीत. शेल नावाच्या खडकातून काढलेल्या तेलामुळे २०१८ मध्ये अमेरिकेचं उत्पादन १९७० च्याही वर गेलं. "तेल संपणार" हे ऐकता ऐकता माझे केस पिकले. तेलाविना जगायची तयारी करणारं गाव म्हणून इंग्लंडातल्या टॉटनेसचा एवढा गाजावाजा झाला, तिथला स्थानिक पाउंड, म्हणजे गावापुरतं चलन, २०१९ मध्ये बंदच केला ना?

जुनी_सायकल:
केला. लोक एकूणच रोख नोटा वापरेनासे झाले, मग कागदी चलन कोण घेणार? तारखा सांगणाऱ्यांवर माझाही विश्वास नाही. पण त्याच गावात २००६ मध्ये रॉब हॉपकिन्स आणि मंडळींनी सुरू केलेली ट्रान्झिशन चळवळ, म्हणजे गावाने मिळून तेलावरचं अवलंबन कमी करायची चळवळ, पुढे कितीतरी देशांत गेली. पाउंड बुडाला म्हणून तीही बुडाली असं होत नाही.

क्युबाचं उदाहरणही भारावून न जाता वाचावं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तिथून येणारं तेल आटलं. हवानात मोकळ्या जागांवर भाज्या पिकल्या, लाखो सायकली रस्त्यावर आल्या. त्याच वर्षांत लोकांची वजनंही उतरली, आणि आजही तो देश बरंचसं अन्न बाहेरून आणतो. वाफ्यांतून भाजी निघते, वर्षभराचं धान्य नाही.

आमच्याकडे टिकलंय ते फार छोटं आहे. सायकलला जोडायची एक सामाईक गाडी आहे. पंक्चर कुणी काढायचं यावरून ती तीन महिने पडून होती. मग तिलाच एक वही बांधली: शेवटचं नाव ज्याचं, पंक्चर त्याचं. तेव्हापासून फिरतेय.

रिकामी_टाकी:
आज वही घेऊन निघालो. पहिल्या चार घरांत सांगितलं, वीज गेली तर पाण्याला जनरेटर आहे, काळजी नाही. पाचव्या घरात पंप चालवणारे काका भेटले. म्हणाले, "तो गेल्या वर्षापासून बंद आहे. कुणी विचारलंच नाही."