'कर्म' म्हणजे केलेलं की भोगायचं?

शंकेखोर : तत्त्वज्ञानावरच्या एका भाषणाचा अनुवाद करतोय. वक्ता उठता-बसता 'फ्री विल' म्हणतो. 'इच्छास्वातंत्र्य' फार पुस्तकी वाटलं, म्हणून 'कर्मस्वातंत्र्य' केलं. वडील म्हणाले, "अरे, 'माझं कर्म!' म्हणत कपाळावर हात मारतो, तेव्हा कसलं आलंय स्वातंत्र्य?" काय लिहू?

अडकित्ता : वडिलांचं बरोबर आहे. 'कर्मधर्मसंयोगाने' बघा. कर्म आहे, धर्म आहे, आणि अर्थ काय, तर योगायोगाने!

तिरकसकाकू : पण 'दैव देतं आणि कर्म नेतं'मध्ये कर्म दैवाच्या विरुद्ध आहे ना? घबाड मिळालं आणि उधळलं, तर नेलं ते स्वतःच्या करणीनेच.

अडकित्ता : आमच्याकडे पीक काढणीला आलं आणि गारपीट झाली, तरी हेच म्हणतात. गारा काय शेतकऱ्याने पाडल्या?

तिरकसकाकू : मागच्या जन्मीच्या कर्माने पडल्या म्हणायचं! संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही वाटणी त्यासाठीच तर आहे. प्रारब्ध म्हणजे मुळात 'सुरू झालेलं', सुटलेला बाण. भात्यात आहेत ते संचित. धनुष्याला लावलेला तेवढा तुमच्या हातात.

मराठीबाणा : वडिलांना सांगा, 'नशीब' म्हणू नका. अरबी आहे. 'भाग्य' काय वाईट?

निवांत : त्यांनी कुठे म्हटलंय? असो. अरबी 'नसीब' म्हणजे वाटा. 'भाग्य' 'भाग'वरून, म्हणजे पुन्हा वाटाच. आणि 'नशीबवान'मधला 'वान' संस्कृत आहे. अर्धा शब्द हाकलणार का?

मराठीबाणा : 'भाग्यवान' आहे की.

निवांत : सोडतीत फ्लॅट लागला तर भाग्यवान. अपघातातून वाचला तो नशीबवान. निदान आमच्या चाळीत.

शंकेखोर : मंडळी, फ्री विल?

पडवीवरून : गीतेच्या १८व्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिलीत : अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. म्हणजे कर्त्याचाही पाचातला एकच वाटा. 'कर्तृत्व' चालेल?

अडकित्ता : 'कर्तृत्व' आता शाल-श्रीफळाचा शब्द झाला.

निवांत : 'फ्री विल'च ठेवा.

मराठीबाणा : मग अनुवाद तरी कशाला करायचा?

तिरकसकाकू : ते राहू द्या. सटवाई कपाळावर लिहिते ती पाचवीच्या रात्री की सहावीच्या? आमच्याकडे पाचवीला पाट्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सासूबाईंच्या माहेरी सहावीला.

पडवीवरून : सटवी आली षष्ठीवरून. सहावीच.

अडकित्ता : मग 'पाचवीला पुजलेलं' कुठून आलं?