तेच विमान ऑगस्टात दीडला आणि आता अडीचला, पण उतरणार सातलाच? हे गणित कसं?

सातारकर_इन_लंडन

मंडळी एक शंका आहे, बावळट वाटली तर हसून घ्या. आई-बाबा भाऊबीज आटपून २६ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर येतायत. ताई ऑगस्टात याच नंबरच्या विमानाने आली होती तेव्हा ते रात्री दीडला सुटून इथे सकाळी सातला उतरलं होतं. आता आई-बाबांच्या तिकिटावर सुटायची वेळ अडीच आणि उतरायची मात्र सातच. म्हणजे एक तास उशिरा निघून त्याच वेळेला पोचणार? बाबांनी "ड्रायव्हर बदलला असेल" म्हणून विषय संपवला, पण मला काही झोप येईना.

दुसरं म्हणजे परतीचं तिकीट ५ एप्रिलचं आहे, त्याला आत्ताच ईमेल आलाय की हीथ्रोहून रात्री साडेनऊऐवजी सव्वादहाला सुटेल. अजून पाच महिन्यांवर आहे हो, आत्ताच बदलायला लागले तर पुढे काय? साताऱ्याची गाडी सांगून ठेवायची की थांबायचं?

घड्याळवाला

ड्रायव्हर तोच आहे, घड्याळ बदलतंय. तुम्ही तिकडे राहता म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे करतात हे माहीत असेलच, आणि यंदा तो रविवार नेमका २६ तारीख. उन्हाळ्यात लंडनचे सात म्हणजे आपले साडेअकरा, हिवाळ्यात लंडनचे सात म्हणजे आपले साडेबारा. साडेबारातून दहा तास वजा करा, अडीच आले. आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही, म्हणून सगळा फरक मुंबईच्या बाजूला दिसतो.

गंमत बघा, तिकडे घड्याळ मागे होतं तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे आई-बाबा हवेत असतानाच लंडनची वेळ बदलणार.

सहारचा_जुना_भिडू

वरचं बरोबर आहे पण अर्धंच. मूळ प्रश्न असा की हीथ्रोचे सात का धरून ठेवायचे, मुंबईचा दीड का नाही. मी बरीच वर्षं सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, ग्राउंड हँडलिंगमध्ये (विमान जमिनीवर असतानाची सगळी कामं) काढली त्यामुळे हा विषय निघाला की तोंड थांबत नाही, सहन करा.

जगभरात विमानांची वर्षाला दोनच वेळापत्रकं, उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. युरोपातलं घड्याळही त्याच दिवशी बदलतं. आपल्याकडे ऑक्टोबरात थंडीचा पत्ता नसतो, मार्चअखेरीस घामाच्या धारा लागलेल्या असतात, तरी नावं हीच. आपल्या विमानवाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं डीजीसीएसुद्धा देशातल्या कंपन्यांचं वेळापत्रक याच हिशोबाने वर्षातून दोनदा मंजूर करतं.

आता स्लॉट. गर्दीच्या विमानतळावर कुणीही कधीही उतरू शकत नाही, अमुक वाजता उतरायचा हक्क मिळालेला असावा लागतो. हीथ्रोवर वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणांची मर्यादा आहे आणि रात्री साडेअकरा ते सकाळी सहा फार कमी विमानांना परवानगी. त्यामुळे सकाळचे स्लॉट म्हणजे सोनं. २०१६ मध्ये ओमान एअरने तिथल्या उतरायच्या आणि सुटायच्या एका स्लॉट-जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याचं छापून आलं होतं. मिळालेला स्लॉट मोसमात किमान ८० टक्के वापरला नाही तर पुढच्या वर्षी त्याच मोसमाला हातचा जातो. शिवाय सकाळी सातला उतरलेल्या लोकांना पुढे अमेरिका, मँचेस्टर, कुठेकुठे जायचं असतं, ती सगळी जोडविमानं तिथल्या घड्याळावर बांधलेली. म्हणून कंपनी तिकडची वेळ सोडत नाही आणि मुंबईच्या टोकाला सरकते. युरोपची विमानं मुंबईतून अशी मध्यरात्रीनंतर का सुटतात त्याचंही बरंचसं उत्तर यातच आहे.

पण सरकायचं म्हटलं तरी मुंबईत जागा कुठाय? आपल्याकडे दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. एकाच फलाटावर अख्ख्या जिल्ह्याच्या एसट्या लावाव्यात तसं. त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने गर्दीच्या तासाची उड्डाणं ४६ वरून ४४ वर आणली. म्हणून कधी तास सरकतो, कधी पाऊण तास, जसा इकडे स्लॉट मिळेल तसा. आणि पावसाळा संपला की धावपट्टीच्या डागडुजीसाठी एक दिवस सगळंच बंद, यंदा २० नोव्हेंबरला सकाळी ११ ते संध्याकाळी ५. तुमचं विमान रात्रीचं, तुम्हाला त्याची झळ नाही.

५ एप्रिलचं म्हणाल तर ते पुढच्या उन्हाळी वेळापत्रकात जातं, ते सुरू होणार २९ मार्च २०२६ ला. त्याच्या स्लॉटसाठी कंपन्या आणि विमानतळवाले नोव्हेंबरात एकत्र बसतात, नको असलेले स्लॉट जानेवारीत परत देतात, मग पुन्हा अदलाबदल. म्हणजे आत्ता जी वेळ दिलीय ती अंदाजपंचे. अजून एखादा ईमेल आला तर दचकू नका. गाडी मार्चच्या मध्यावर सांगा.

वाऱ्यावरची_वरात_नको

एक राहिलं. थंडीत पश्चिमेकडून पूर्वेकडे वरचे वारे जोरात असतात, त्यामुळे जाताना विमानाला वेळ जास्त लागतो आणि येताना कमी. म्हणून हिवाळी वेळापत्रकात जायची वेळ वाढवलेली असते. सगळं काय घड्याळाचं नाही.

सहारचा_जुना_भिडू

वारे असतात, कबूल. पण त्याचा फरक मिनिटांत, आणि तोही उलट दिशेने लागेल. प्रवास लांबला तर सातला पोचायला उलट लवकर निघावं लागेल ना? इथे विमान उशिरा निघतंय. हा तास घड्याळाचाच आहे. त्यापेक्षा मोठी भानगड म्हणजे एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद आहे, त्यांना वळसा घालून जावं लागतं, परदेशी कंपन्यांना ती अडचण नाही. दोन कंपन्यांच्या वेळा शेजारी ठेवून बघणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

जर्सीची_काकू

आमच्याकडे अमेरिकेत याहून तमाशा. इथलं घड्याळ २ नोव्हेंबरला बदलणार, युरोपनंतर एक आठवड्याने, आणि मार्चमध्ये तर आमचं ८ तारखेलाच पुढे जातं, युरोपचं २९ ला. मधले तीन आठवडे लंडनमार्गे येणाऱ्यांचं दोन विमानांमधलं अंतर एकदम बदलतं, कुणाला विमानतळावर तासभर जास्त बसावं लागतं तर कुणाला धावावं लागतं. म्हाताऱ्या माणसांची तिकिटं काढताना मी तरी मार्चचे ते आठवडे टाळते.

मांडवीकाठ

गोव्यात आम्हाला कॅलेंडर बघायला लागत नाही, ऑक्टोबरात रशियाची चार्टर विमानं दिसायला लागली की समजायचं मोसम सुरू. एप्रिल-मेमध्ये गायब. आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाल्यापासून मोसम बदलताना अजून एक काळजी, विमान या विमानतळावरून त्या विमानतळावर गेलं नाही ना. मुंबईकरांनो, ८ ऑक्टोबरला नवी मुंबईचं उद्घाटन झालंय, तिथून विमानं सुटायला लागली की तुम्हीही तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचायला शिकाल.

सातारकर_इन_लंडन

अरे वा, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले "म्हणजे एक तास फुकट मिळाला, फराळ अजून भरता येईल." मग परतीचं असं समजू का, की एप्रिलची वेळ मला पटली नाही तर पैसे परत मागता येतात?

घड्याळवाला

पाऊण तासाच्या फरकासाठी कंपनी तिकीट फुकट बदलून देते का ते तिकिटाच्या अटींवर आहे, फोन करून विचारा. मोठा बदल किंवा विमानच रद्द झालं तर ब्रिटनमधून सुटणाऱ्या कुठल्याही विमानाला तिथला कायदा लागतो, पैसे परत किंवा दुसरं विमान यातलं तुम्ही निवडायचं. नुकसानभरपाई मात्र १४ दिवस आधी कळवलं असेल तर मिळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, २६ तारखेचे रात्रीचे अडीच म्हणजे शनिवारी २५ ला रात्री घरातून निघायचं, रविवारी नाही. यात दर वर्षी कुणी ना कुणी फसतं. भाऊबीज २३ ला आहे, त्या शनिवारी सगळी मुंबई परत येत असणार, खंबाटकी आणि खंडाळा दोन्ही घाट तुंबतील. साताऱ्याहून दुपारी तीनला निघायला सांगा.

सातारकर_इन_लंडन

तीनला? आई म्हणते जेवून दोनलाच निघतो.