ट्रिप्सिनसारखा दिसणारा विकर (एन्झाइम) खरोखर काय करतो?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी पऱ्हाट्यांच्या कुजलेल्या ढिगातून मिळालेल्या जिवाणूच्या एका विकराचा अमिनो आम्लांचा क्रम ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराशी बराच जुळतो, तेवढ्यावरून तो प्रथिने तोडतो असे प्रबंधात लिहावे काय?

उत्तर: नुसत्या साम्यावर जाऊ नये. ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन एकाच कुळातले आणि घडणही सारखी. परंतु तोडायचे प्रथिन ज्या खाचेत बसते तिच्या तळाशी, १८९व्या जागी, पहिल्यात अ‍ॅस्पार्टेट तर दुसऱ्यात सेरीन हे अमिनो आम्ल असल्याने पहिला लायसिन किंवा आर्जिनिननंतर तोडतो आणि दुसरा फिनिलअ‍ॅलनिनसारख्या मोठ्या अमिनो आम्लांनंतर.

उत्तर: त्याआधी हिस्टिडिन, अ‍ॅस्पार्टेट व सेरीन हे प्रत्यक्ष तोडण्याचे काम करणारे अमिनो आम्लांचे त्रिकूट शाबूत आहे का ते पाहावे. रक्तातील हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन याच कुळातले, पण त्रिकूट मोडल्याने ते प्रथिने तोडत नाही. उलट सबटिलिसिन या जिवाणूंच्या प्रथिने तोडणाऱ्या विकराची घडण सर्वस्वी निराळी असूनही त्रिकूट तेच आहे.

प्रश्नकर्ता: त्रिकूट शाबूत आहे, १८९व्या जागी अ‍ॅस्पार्टेटच निघाले. आता दुधातील केसीन या प्रथिनावर ताडून पाहतो. गावात दुधाला तोटा नाही, विजेला मात्र आहे.