शब्दचर्चा: लाकडी जमिनीच्या ‘रिफिनिशिंग’ला मराठीत काय म्हणावं?

घरातल्या लाकडी जमिनीची निगा आणि डागडुजी यावर एक माहितीपुस्तिका मराठीत करतेय. ती घरात राहणारेही वाचणार आणि काम करणारे कारागीरही, म्हणून शब्द दोघांना कळायला हवेत. आधीच्या मसुद्यात ‘रिफिनिशिंग’साठी ‘पुनर्परिष्करण’ आलंय. व्याकरणाला धरून असेल, पण ते ऐकून पॉलिशवाला नुसता तोंडाकडे बघत राहील. ‘हार्डवुड’ला सरळ ‘कठीण लाकूड’ म्हणावं का? ‘फिनिश’ला रोगण, लेप की पॉलिश? आणि मुळात ‘फ्लोअर’लाच काय म्हणायचं, फरशी की जमीन?

* * *

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘फरशी’च्या मुळाशी असलेला ‘फर्श’ म्हणजे अंथरलेलं, पसरलेलं. त्यामुळे व्युत्पत्तीच्या अंगाने ‘लाकडी फरशी’ला हरकत नाही. पण आज फरशी म्हटलं की दगड नाहीतर टाइल डोळ्यापुढे येते आणि तिच्यामागोमाग बादलीभर पाणी. लाकडाला नेमकं तेच नको असतं. ‘जमीन’ त्यातल्या त्यात बरी, पण एकटी वापरली की घोटाळा होतो. ‘जमिनीत ओल धरू देऊ नका’ हा सल्ला घरातल्यांना आहे की शेतकऱ्याला, तेच कळत नाही. मी शीर्षकात ‘लाकडी जमीन’ ठेवीन आणि आतल्या मजकुरात जमेल तिथे ‘फळ्या’ म्हणेन. फळ्या घासायच्या, फळ्यांमधल्या फटी बुजवायच्या, फळ्यांना पॉलिश करायचं.

‘तक्तपोशी’ कोणीतरी सुचवेलच. शब्द देखणा आहे, अर्थही फळ्यांचं आच्छादन असाच आहे, पण वाचणारा वर छताकडे बघेल.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर एक खुलासा मात्र हवा. बोलताना लोक तीन वेगळ्या गोष्टींना ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात: अखंड लाकडाची फळी, प्लायवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेली फळी आणि लॅमिनेट. लॅमिनेटवर जे दिसतं ते लाकडाचं छापील चित्र असतं. त्यावर घासायचं मशीन फिरवलं की चित्र गेलं, खाली उरतो दाबलेला भुसा. पापुद्र्याच्या फळीचं भवितव्य पापुद्र्याच्या जाडीवर ठरतं. एक मिलिमीटरच्या आतला असेल तर मशीन लावूच नये. अखंड फळी साधारण १९ मिलिमीटर जाड असते, पण तीही पूर्ण जाडीभर घासता येत नाही. शेजारच्या फळीच्या खोबणीत बसणारी जीभ लागली की संपलं. म्हणून ‘अखंड’, ‘पापुद्र्याची’ आणि ‘लॅमिनेट’ हे तीन शब्द पुस्तिकाभर एकमेकांत मिसळू देऊ नका.

* * *

‘कठीण लाकूड’ नको. हार्डवुड आणि सॉफ्टवुड ही वाटणी वनस्पतिशास्त्राची आहे, टणकपणाची नाही. ओक, मेपल, साग अशी रुंद पानांची झाडं हार्डवुडमध्ये. पाइन, देवदार अशी सूचिपर्णी झाडं सॉफ्टवुडमध्ये. बाल्साच्या लाकडात नख रुततं, तरी ते हार्डवुड. यू चांगलाच टणक, तरी सॉफ्टवुड. ‘हार्डवुड’ तसाच देवनागरीत लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात फोड करा. ‘टणक’ हा शब्द खऱ्या टणकपणासाठी राखून ठेवा, कारण तुमच्या मजकुरात जांका चाचणी येणारच. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी निम्मी लाकडात रुतवायला किती जोर लागतो ते ती मोजते. रेड ओकचा आकडा १२९० पाउंड-फोर्स आहे आणि बाकीच्या लाकडांची तुलना बहुतेकदा त्याच्याशीच करतात.

* * *

माझं काम याच धंद्यातलं, म्हणून ‘रिफिनिशिंग’वर जरा सविस्तर लिहितो.

आम्ही ‘पॉलिश’ म्हणतो तेव्हा डब्यातला माल, तो लावायचं काम आणि लावल्यावर आलेली झळाळी, हे सगळं त्यात येतं. समोरासमोर बोलताना अडत नाही. छापील सूचनेत अडतं. ‘जुनं पॉलिश काढा’ म्हणजे झळाळी पुसायची की थर उतरवायचा? त्यातच ‘फ्लोअर पॉलिश’ नावाचं बाटलीतलं द्रव वेगळंच. ते नुसती तात्पुरती चमक आणतं. त्यात किंवा दुसऱ्या कशात मेण असेल आणि ते पॉलियुरेथेनवर, म्हणजे लाकडावर प्लास्टिकसारखा कडक थर धरणाऱ्या पॉलिशवर बसलं, तर पुढे नवा थर धरत नाही, सोलून निघतो. तेव्हा त्या बाटलीला ‘चमक आणणारं द्रव’ म्हणा आणि ‘पॉलिश’ संरक्षक थरासाठी ठेवा.

‘रिफिनिशिंग’ या एका शब्दाखाली दोन निरनिराळी कामं येतात. पहिलं, उघडं लाकूड लागेपर्यंत घासून नव्याने पॉलिश करणं. दुसरं, जुना थर तसाच ठेवून तो नुसता खरबरीत करायचा आणि वर ताजा हात द्यायचा. पहिल्याला ‘पॉलिश काढून नव्याने पॉलिश’ आणि दुसऱ्याला ‘वरचा हात देणं’ म्हणा. कुठलं काम हवं ते पाण्याचा एक थेंब सांगतो. जास्त वावराच्या जागी, दारापाशी वगैरे, थेंब टाकून बघा. मोत्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे. पसरून लाकूड काळपट पडलं तर तिथला थर गेलाय, वरच्या हाताने भागणार नाही.

‘कोट’ला आमच्यात ‘हात’ म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, दोन हातांच्या मध्ये हलकं घासणं. ‘लेप’ लिहिलंत तर औषध लावल्यासारखं वाटेल. ‘थर’ जे बसलंय त्यासाठी, ‘हात’ जे द्यायचंय त्यासाठी.

‘पॉलिश पेपर’ची गंमत अशी की त्याने पॉलिश निघतं. कारागिराला तोच शब्द ओळखीचा आहे, पण घरातल्या माणसाला ‘सँडपेपर’ लिहिलेलं बरं. नंबराबद्दल एक वाक्य हवंच: आकडा मोठा तेवढा कागद बारीक. सुरुवात साधारण ३६ किंवा ४० नंबरने, मग ६०, ८०, शेवटी १०० किंवा १२०. मधली पायरी गाळली तर जाड कागदाचे ओरखडे राहतात आणि पॉलिशचा पहिला हात दिला की उठून दिसतात. आणि क्रियापद ‘घासणे’ ठेवा. ‘तासणे’ नको, ते वाकसाचं काम. ‘रंधा मारणे’ही नको. मसुद्यात तासा असं दिसलं तर कोणीतरी खरोखर तासेल. फटीत भरतात त्याला ‘लांबी’ म्हणतात, पण घरच्या वाचकासाठी पहिल्यांदा ‘लांबी, म्हणजे पुट्टी’ असं लिहा, नाहीतर तो टेप घेऊन मापं काढत बसेल.

* * *

फार उपयोगी. आता ‘क्युअरिंग’चं सांगा. आणि रोगण अजिबातच बाद का? मला तो शब्द आवडतो.

* * *

रोगण ठेवा की. मूळ फारसीत तेलाचा अर्थ असलेला शब्द आहे, त्यामुळे तेलाच्या बेसच्या वॉर्निशला तो शोभतोही. पण पाण्याच्या बेसच्या पॉलियुरेथेनला रोगण म्हणणं मला जड जातं. दोघांत फरकही बराच आहे. तेलाच्या बेसचं कालांतराने मधाळ पिवळं होतं, एक हात वाळायला बहुतेकदा रात्र जाते. पाण्याच्या बेसचं नितळ राहतं आणि काही तासांत वाळतं. स्पिरिट पॉलिश तर तिसरंच. ते चपडा लाखेचं, अल्कोहोल सांडलं की विरघळतं.

‘क्युअरिंग’ मात्र जपून. बांधकामात क्युअरिंग म्हणजे सिमेंटवर पाणी मारणं, आणि तो शब्द साइटवर सगळ्यांच्या तोंडी आहे. पॉलिशच्या बाबतीत क्युअरिंग म्हणजे पाण्यापासून लांब ठेवणं. अगदी उलट. ‘सात दिवस क्युअरिंग करा’ असं छापलंत तर कोणीतरी नळी घेऊन येईल. मी ‘वाळणे’ आणि ‘पक्कं होणे’ अशी जोडी वापरेन. वाळलं म्हणजे हाताला चिकटत नाही, मोजे घालून चालता येतं. पक्कं झालं म्हणजे आतपर्यंत कडक झालं, आता गालिचा अंथरा, जड कपाट ठेवा. तेलाच्या बेसला पक्कं व्हायला महिनाभर लागू शकतो. ‘मुरणे’ सुचलं होतं, पण कापलेलं लाकूड वाळून स्थिर होण्याला आपण तो शब्द आधीच देऊन बसलोय.

* * *

पुसण्याबद्दल कोणी बोललं नाही. ‘डँप मॉप’चं भाषांतर ‘ओल्या फडक्याने पुसा’ असं करू नका. ओलं, ओलसर आणि दमट यांत मराठीने छान फरक केलाय, तो वापरा. ‘घट्ट पिळलेल्या, ओलसर फडक्याने पुसा, मागे राहिलेली ओल मिनिटाभरात उडायला हवी.’ वाफेचा पोछा नको, व्हिनेगरचं पाणी नको, त्याने थर हळूहळू निस्तेज होतो. त्याआधी मऊ केरसुणीने कचकच काढायला सांगा. बुटांबरोबर आलेली वाळू हाच सर्वांत मोठा सँडपेपर. खुर्चीच्या पायांना लावायच्या ‘फेल्ट’ला ‘नमदा’ म्हणता येईल, पण दुकानात फेल्टच मागावं लागतं.

* * *

धंद्यातलेच अजून दोन शब्द देतो, तुम्हाला लागतील. फळीच्या कडा वर येऊन मधे खोलगट झालं की ‘फळीला पन्हळ पडली’ म्हणा. मधला भाग वर आला तर ‘पोट आलं’. पन्हळ बहुतेकदा खालून आलेल्या ओलीने पडते, कारण फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त फुगते. घाईघाईने त्या उचललेल्या कडा घासून सपाट केल्या, तर खालची ओल उडाल्यावर त्याच फळीला पोट येतं. म्हणून आधी ओल शोधा, फळ्या पूर्ण वाळू द्या, मगच मशीन.

तेलाच्या बोळ्यांचा इशारा ठळक अक्षरांत द्या. जवसाच्या तेलाने किंवा तेलाच्या बेसच्या पॉलिशने भिजलेली फडकी चुरगळून एका जागी टाकली, तर तेल वाळतानाच्या उष्णतेने ती आपोआप पेटू शकतात. मसुद्यात ‘सुरक्षित विल्हेवाट लावा’ असं मोघम असेल तर काढा. ‘एकेक फडकं बाहेर मोकळं पसरून कडक वाळू द्या, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा’ असं लिहा.

* * *

मसुद्यात ‘सुरक्षित विल्हेवाट’च होतं. काढलं. पहिल्या प्रकरणाचं नाव आता ‘वरचा हात द्यायचा की नव्याने पॉलिश करायचं?’ असं केलंय.