एकटेपणात बागेत जाऊन बसते, पण मन शांत होत नाही. नेमकं काय करायचं?

उंबरठा:
एकटं वाटलं की निसर्गात जा, असं सगळेच सांगतात. घराजवळ लहानशी बाग आहे, डोंगर-जंगल काही नाही. बाकावर अर्धा तास बसलं तरी डोक्यात तेच ते फिरत राहतं, उलट वाढतं. तिथे करायचं काय? किती वेळ? आणि बाहेर पडणंच जमत नाही त्या दिवशी?

रानवाट:
लहान बाग पुरते. दहा मिनिटांत पोचता येईल अशी एकच जागा धरा, पाठ टेकायला झाड किंवा भिंत असलेली. जागा आणि वेळ बदलू नका. तोच कावळा त्याच फांदीवर येतो हे काही दिवसांनी लक्षात यायला लागतं. ही ओळखच एकटेपणात कामी येते, सुंदर देखावा नव्हे.

आपण बसलो की आसपासचे पक्षी गप्प होतात. हालचाल केली नाही तर बहुधा दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतात. बरेच जण नेमके त्याआधी उठतात! पक्ष्याकडे रोखून बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा. फोटो नकोत, फोन हातात आला की लक्ष परत माणसांकडे जातं. उठताना वहीत तीन ओळी लिहा: काय नवं दिसलं, कालच्यापेक्षा काय बदललं, सर्वांत लांबचा आवाज कोणता. मनःस्थितीबद्दल तिथे लिहू नका.

वेळेचं म्हणाल तर, इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. सलग की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. अर्थात, यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. रोज पंचवीस मिनिटं धरा.

पाऊलखुणा:
वरचं पटतं, पण विचार गरगरत असताना स्वस्थ बसू नका. आधी पंधरा मिनिटं भरभर चाला आणि मोजायला काहीतरी घ्या: वेगवेगळ्या आकाराची पानं, वेगवेगळे आवाज. मग बसा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटाच. जीव नकोसा वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा, थांबू नका. बाग हा त्यावरचा उपचार नाही.

ओलावा:
बाहेर पडणं जमत नाही त्या दिवसासाठी: खिडकीबाहेर पसरट भांड्यात पाणी ठेवा. खोली दोन-तीन सेंटिमीटर, तळ खरखरीत, मध्ये एक दगड. गुळगुळीत किंवा खोल भांड्यात लहान पक्षी उतरायला बिचकतात. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ ठेवू नका. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. पक्ष्यांना भांडं सापडायला कित्येक दिवस लागू शकतात, तोवर जागा हलवू नका.

कुंडी आणलीत तर एक सांभाळा: एकटेपणात हात सारखा झारीकडे जातो. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि झाड तहानल्यासारखं मान टाकतं. ते बघून आणखी पाणी घातलं जातं. बोट दोन सेंटिमीटर मातीत घालून बघा. ओल लागली तर पाणी नको.

उंबरठा:
पावसात त्याच जागी झाडाखाली बसलं तर चालेल?

रानवाट:
रिमझिम असेल तर हो. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून लगेच निघा, पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.