झेडपी शाळेत पहिली ते चौथीला टॅब : हवेत की नकोत?

बांधावरचा :
आमच्या गावच्या शाळेला ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून वीस टॅब घ्यायचं घाटतंय. शाळा चौथीपर्यंत, द्विशिक्षकी. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, त्यामुळे ठरावावर सही मागायला येतील. माझं मत : नको. सहा-सात वर्षांच्या पोराचं बोट आधी पेन्सिलीला वळायला हवं. काचेवर 'अ' गिरवला की ॲप टाळ्या वाजवतं आणि वहीत तोच 'अ' रेघेबाहेर लोळत असतो. शिवाय 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला होता. दिवा गेला तेव्हापासून तो कपाटात पोषण आहाराच्या रजिस्टरांखाली पडलाय. विरोधी मुद्दे मांडा, म्हणजे बैठकीत उत्तरं तयार राहतील.

खडूफळा :
दादा, द्विशिक्षकी शाळेत एकदा शिकवून बघा. पहिलीला काना शिकवताना तिसरीची पोरं काय करतात? एकमेकांच्या दप्तरात हात घालतात. माझ्याकडे दोन जुने टॅब आहेत. तिसरीतली चार-पाच पोरं कोपऱ्यात बसून धडा मोठ्याने वाचतात, रेकॉर्ड करतात आणि परत ऐकतात. एक पोरगी 'प्रश्न'ला 'परश्न' म्हणायची. मी चारदा सांगितलं, फरक नाही. स्वतःचा आवाज ऐकला, खुदकन हसली आणि पुन्हा रेकॉर्ड केलं. हे काम खडूने होत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांत आले. तेही तेव्हा झेडपीचेच शिक्षक होते.

बांधावरचा :
रेकॉर्डिंगचा मुद्दा चांगला आहे, मानतो. पण त्याला वीस टॅब कशाला? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दोन जुन्यांत भागतंय. आणि क्यूआर कोडचं म्हणाल तर फोन बापाच्या खिशात आणि बाप ऊसतोडीला. पोराने कोड कशाने स्कॅन करायचा?

खडूफळा :
म्हणून तर टॅब शाळेत हवा! घरी फोन नाही त्याच पोराला त्याची जास्त गरज आहे. शहरातली पोरं शाळेत नाही तर घरी शिकतील, आमची कुठे शिकणार?

दोन_पोरांची_आई :
शहरातली पोरं काय 'शिकतात' ते सांगते. माझा धाकटा दुसरीत, खासगी शाळेत. गृहपाठ ॲपवर येतो. म्हणजे रोज संध्याकाळी माझाच फोन त्याच्या हातात. गृहपाठाची दहा मिनिटं आणि तो परत काढून घ्यायला अर्धा तास रडारड. वर्गात मोठा स्मार्ट बोर्ड आहे. त्यावर व्हिडिओ लावून बाई वह्या तपासतात, असं पोरगाच सांगतो. बाईंनाही दोष देत नाही, वह्या तरी कधी तपासणार? पण त्या बोर्डाची वेगळी फी आम्ही भरतो. खडूफळा सरांसारखे शिक्षक असतील तिथे टॅब द्या की, बाकीच्यांचं काय?

आकडेमोड्या :
युनेस्कोचा २०२३चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर आहे. तंत्रज्ञानाने शिकणं सुधारतं याचा निःपक्ष पुरावा तोकडा आहे, असं त्यात म्हटलंय. स्वीडननेही त्याच वर्षी छापील पुस्तकांसाठी वेगळे पैसे काढले. आपल्याकडे 'असर २०२४' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामाला वापरला होता, समाजमाध्यमांना ७६ टक्क्यांनी. बोला आता.

खडूफळा :
बोलतो. 'असर'चे ते आकडे १४ ते १६ वयोगटाचे आहेत, तेही घरातल्या फोनचे. इथे विषय चौथीपर्यंतच्या वर्गाचा. आणि स्वीडनवाले पुस्तकांकडे परत गेले, कारण परत जायला त्यांच्याकडे पुस्तकं होती. आमचं वाचनालय म्हणजे एक लोखंडी पेटी. पुस्तक हरवलं तर भरून द्यावं लागेल या धास्तीने ती उघडत नाहीत, अशाही शाळा मी पाहिल्यात.

आकडेमोड्या :
वयोगटाचं बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. पण मग पेटी उघडा ना! ते तर फुकट आहे. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे त्या शाळागटातल्या, शाळा राज्यभरातल्या शिक्षकांनी जाऊन पाहिल्या, त्या टॅबसाठी नव्हे. फरशीवर आखलेले तक्ते, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे आणि गटात बसून एकमेकांना शिकवणारी पोरं.

खडूफळा :
कुमठ्याच्या माळा आमच्याकडेही आहेत. दशक-एकक त्यावरच शिकवतो, टॅबवर नाही. दोन्ही नांदू शकतं. खरा वैताग वेगळाच आहे, तो कुणी बोलत नाही. शाळेतलं तंत्रज्ञान सगळ्यात जास्त वापरलं जातं ते माहिती भरायला. यूडायस पोर्टल भरा, सरल पोर्टल भरा, उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाका. झाड लावायला दोन मिनिटं, फोटोला दहा. टॅब आले की त्यावरही आधी हेच काम चालेल, ही भीती मलाही आहे.

दोन_पोरांची_आई :
म्हणजे सर, तुम्हीच बांधावरच्या दादांची बाजू घेताय!

खडूफळा :
नाही हो. दादांना एवढंच सांगतो, ठराव हाणून पाडू नका, बदलून घ्या. वीसऐवजी सहा टॅब, आणि उरलेल्या पैशातून इन्व्हर्टर व दुरुस्तीची तरतूद. बिल थकलं की वीज तुटते, हे आपल्या शाळांना नवं नाही. टॅब तिसरी-चौथीलाच, गटात एक. घरी न्यायचे नाहीत.

बांधावरचा :
दुरुस्तीचा खर्च त्या निधीत बसतो का, ते ग्रामपंचायतीत विचारावं लागेल. सहाला कदाचित राजी होईन. पण आधी त्या प्रोजेक्टरला दिवा बसवा, असं बैठकीत म्हणणार आहे. तो बसेपर्यंत सही नाही.

खडूफळा :
दिव्याच्या किमतीत नवा टॅब येतो, दादा. भांडायचंच तर पेटीच्या चावीसाठी भांडा.