पॉवर सीट घरी काढाव्यात का? एअरबॅगची धास्ती वाटते

ओला_फोम: नमस्कार मंडळी. पुण्यात गेल्या शनिवारी रस्त्यावर तुंबलेलं पाणी गाडीत शिरलं. २०१७ ची सुपर्ब आहे. इंजिन ठीक आहे, सीटही हलतात, पण कार्पेटखालचा फोम ओलाच आहे आणि कुबट वास सुटलाय. पुढच्या सीट काढल्याशिवाय कार्पेट उचलत नाही. दोन्ही पॉवरच्या, म्हणजे मोटरने सरकणाऱ्या, कुशीत एअरबॅग. कोणी घरी काढल्यात का?

रविवारचा_पाना: काढल्यात. घरी जमतं, फक्त क्रम चुकवू नका. बॅटरी आधी काढली तर सीट जागेवरच अडकते आणि बोल्ट तिच्याखाली दडलेले राहतात. म्हणून दोन्ही सीट आधी पूर्ण मागे घेऊन पुढचे बोल्ट काढा, मग पुढे घेऊन मागचे. पाठ सरळ उभी करा, नाहीतर दारातून निघणार नाही. बोल्टचं डोकं नीट बघा. टॉर्क्सचा म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारखा बिट आणि बारा टोकांचा बिट लांबून सारखेच दिसतात, चुकीचा लावलात तर डोकं गोल होईल.

आता इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं आणि थांबायचं. एअरबॅगच्या युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज उरतो, त्यानेही एअरबॅग उडू शकते. किती वेळ थांबायचं हे गाडीगणिक बदलतं, मी १५ मिनिटं थांबतो. त्यानंतरच सीटखालचे कनेक्टर. पिवळा एअरबॅगचा किंवा बेल्टच्या प्रीटेन्शनरचा (धडकेत बेल्ट घट्ट ओढणारा भाग). त्याला मल्टिमीटर अजिबात लावू नका, मीटरच्या बारीक करंटनेही तो उडू शकतो.

ओला_फोम: मनापासून आभार दादा. एकट्याने उचलता येईल?

रविवारचा_पाना: नको. मोटर असलेली सीट ३० किलोच्या आसपास भरते आणि रेलची धार दाराच्या पट्टीवर ओरखडा काढते. घरातलं कोणी मदतीला घ्या, पट्टीवर जुनी गोधडी टाका.

सिंहगड_रोड: माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. ड्रायव्हरची सीट बाहेर होती आणि डावी मागे घ्यायची राहिली होती. बॅटरी परत जोडून इग्निशन दिलं. एअरबॅगचा दिवा लागला तो सीट बसवल्यावरही गेला नाही, स्कॅनरवर बिघाडाचा कोड पुसावा लागला. साधा स्कॅनर इंजिनचेच कोड वाचतो, एअरबॅगचे वाचणारा हवा. एक विचारू का, विमा सर्वसमावेशक आहे ना? मग काही सोडायच्या आधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. पाण्याने झालेलं आतलं नुकसान त्यात बसतं.

ओला_फोम: आहे. आज फोन करतो, त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत हात लावत नाही.

रविवारचा_पाना: तेच बरोबर. बसवताना चारही बोल्ट आधी हाताने धरवा, मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणारा पाना) आवळा. सगळे कनेक्टर बसल्यावरच बॅटरी, आणि ती जोडताना गाडीत कोणी बसलेलं नको. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर जोडू नका, इथे फोटो टाका.